ऑलिंदाबाईंची ओटी

फोटोतल्या म्हातारीच्या कपाळावर कुंकू होतं. सुनेत्रानं मोबाइल जवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा लावला. कुंकूच होतं, जरा वाकडं टेकलेलं. खाली काळा झगा, झग्यावर काळा स्वेटर आणि कमरेला बांधलेला काळाच ॲप्रन. त्या ॲप्रनची दोन टोकं म्हातारीनं दोन्ही हातांनी पुढे धरली होती. आत काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. तांदूळ, तांदळावर पेराचं एक भलंमोठं फळ, आणि पेराखाली घडी केलेला हिरवा खण. तो खण सुनेत्रानंच मेघनाच्या बॅगेत घातला होता, परक्या मुलखात कुणाला काही द्यावं लागलं तर हाताशी असू दे म्हणून. मेघना आदल्या दिवशीच पोर्तुगालहून परत आली होती. कॉलेजच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममध्ये तिचं नाव लागलं होतं. एक सेमिस्टर ब्रागा नावाच्या गावात शिकायचं होतं, आणि तिकडे ती ज्या घरात खोली घेऊन राहिली त्या घराची मालकीण म्हणजे ही ऑलिंदा. काळाचौकीच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत सकाळचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं, जमिनीवर अर्धवट उघडलेली बॅग पसरली होती, आणि मेघना चहात खारी बुडवून खात होती, सगळं सेमिस्टर उपाशी काढल्यासारखी.

"हे काय गं केलंस?"

"ओटी भरली तिची. बाई घरातून निघाली की ओटी भरतात ना?"

"निघालीस तू."

"हो, पण माझी कोण भरणार तिकडे? कुणाची तरी भरायला पाहिजे असं वाटलं, मग तिची भरली. नारळ मिळत होता मॉलमध्ये, पण त्याला शेंडीच नव्हती. म्हटलं त्यापेक्षा पेर बरं."

सुनेत्राला हसू आलं. हसता हसताच तिनं विचारलं, "आणि नवरा कुठे असतो तिचा?"

"नवरा कधीचा गेला. मी जन्मले पण नव्हते. म्हणून तर ती कायम काळं घालते. तिकडच्या जुन्या बायकांची पद्धतच आहे, नवरा गेला की मग मरेपर्यंत..." मेघना थांबली. खारीचा भिजलेला तुकडा कपात पडला आणि तिनं तो काढला नाही. "अगं हो," ती हळूच म्हणाली. "माझ्या डोक्यातच नाही आलं."

डोक्यात न येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, असं सुनेत्राला वाटलं. तिच्या स्वतःच्या डोक्यातून ती गोष्ट एक दिवस गेली नव्हती. तिचा नवरा शिवा गेला तेव्हा मेघना नऊ वर्षांची होती. लोअर परळच्या ऑफिसात डबा उघडून बसला आणि छातीत कळ आली, इतकंच. त्यानंतर ओटी, हळदीकुंकू, डोहाळजेवण, सवाष्ण या शब्दांच्या दाराशी सुनेत्रा चप्पल काढून बाहेरच उभी राहिली. कुणी तिला हात धरून बाहेर काढलं नव्हतं. तीच मागे सरली, आणि मागे सरलेल्या माणसाला पुढे ये म्हणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. बोलावलं असतं तर ती गेली नसती आणि बोलावलं नाही याचं वाईट वाटायचं, असं दोन्हीकडून होतं. आणि इथे या पोरीनं, जिला कुंकवाची डबी सरळ धरता येत नाही तिनं, सात समुद्रांपलीकडच्या एका विधवा म्हातारीला कुंकू लावून तिची ओटी भरून टाकली, तेही तांदूळ पाहून घेऊन, खण आठवणीनं काढून, आणि म्हातारीनं मोठ्या आनंदानं भरून घेतली. फोटोत तिच्या तोंडात पुढचे दात कमी होते आणि ती ते झाकत नव्हती.

"आणि त्या तांदळाचं काय केलं माहितीये?" मेघना सांगत होती. "मी काही सांगितलंच नव्हतं. तिनं ते बघितले आणि सरळ दूध तापत ठेवलं. त्यात तांदूळ, साखर, लिंबाची साल, वरून दालचिनीची पूड. खीरच गं. आम्ही दोघींनी मिळून खाल्ली."

ओटीच्या तांदळाची खीर करायची हे त्या बाईला कुणी शिकवलं असेल, असा प्रश्न सुनेत्राला पडला. तेवढ्यात मेघनानं बॅगेच्या तळातून एक गाठोडं काढलं. पांढरं जाड कापड, कडेला लाल आणि निळ्या दोऱ्यानं भरलेली पाखरं आणि फुलं, आत तांदळाची पुडी आणि मूठभर अक्रोड. "तिनं विचारलं, घरी कोण आहे तुझं. मी म्हटलं, आई. तर दुसऱ्या दिवशी निघताना हे दिलं. म्हणाली, मला जसं केलंस तसंच आईला कर. प्रॉमिस घेतलं माझ्याकडून." मेघना उभी राहिली. "चल आई. पदर धर."

"गाऊनला कुठला आलाय पदर," सुनेत्रा म्हणाली. मग दूध उतू जाईल म्हणाली, मग दूध तापत ठेवलेलंच नाही हे दिसल्यावर बाजारात जायचंय म्हणाली, आणि पंजाबी ड्रेस चढवून, पिशवी घेऊन निघालीसुद्धा. मेघनानं अडवलं नाही. नुसतं म्हणाली, "परत आलीस की."

गॅलरीतून जिन्याकडे जाताना जाईबाईंची खोली लागते. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आत भांड्यांचा आवाज येत होता. एकेक पातेलं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळायचं चाललं असणार. उद्या सकाळी जाईबाईंचा मुलगा वैभव टेम्पो घेऊन येणार होता. जाईबाईंचे यजमान धोंडूमामा कार्तिकात गेले, जाईबाईंना एकटीला इथे ठेवायचं नाही म्हणून तो त्यांना विरारला नेणार, कायमचं. सुनेत्राला थांबावंसं वाटलं आणि थांबवेना. आज रजा आहे, संध्याकाळी मेघनाला घेऊन नीट भेटायला जाऊ, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि आपण कुणापासून पळतोय ते न कळणारी माणसं चालतात तशी भराभर चालत सुटली.

रस्त्यावर आल्यावर जरा बरं वाटलं. लालबागकडे चालता चालता तिला वाटलं, या पोरीचं जाणं आपण झेललं कसं. निवड झाल्याचं कळलं त्या दिवसापासून सुनेत्राला झोप कशी ती नव्हती. परळच्या हॉस्पिटलात ती केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. तिथे रोज शेकडो माणसं नाव, वय, तक्रार सांगून पुढे जातात, आणि त्या गर्दीत तिला एकच दिसायचं, की परदेशातल्या अशाच एका खिडकीसमोर आपली मुलगी उभी आहे आणि तिला आपली तक्रार सांगायला शब्द सापडत नाहीयेत. भीती खोटी ठरली नाही. नोव्हेंबरात मेघना तापानं फणफणली. सुनेत्राला ते कळलं ताप उतरल्यावर. ऑलिंदानं पोरीचा पलंग ओढत ओढत स्वैपाकघरात चुलीच्या उबेला आणला होता, कोबीच्या पाल्याचं आणि बटाट्याचं गरम सूप वाटी वाटी पाजलं होतं, आणि रात्रभर खुर्चीत बसून माळ ओढत होती. मेघना हे सगळं व्हिडिओ कॉलवर हसत हसत सांगत होती, आणि मागे ती काळी आकृती कढईत काहीतरी ढवळत होती. "आई, तिला हाय कर." सुनेत्रानं हात जोडले. ऑलिंदानंही जोडले, कुठे पाहिलं होतं कुणास ठाऊक. मग दोघींना पुढे काय करायचं ते कळेना, तेव्हा ऑलिंदानं कोबीचा गड्डा उचलून दाखवला. सुनेत्रानं कोथिंबिरीची जुडी दाखवली. तिनं लसणीची माळ दाखवली. हिनं सुकं खोबरं दाखवलं. मेघना पोट धरून हसत होती आणि सुनेत्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपल्या लेकराला जिनं जपलं तिला आपण एक शब्द बोलू शकत नाही, तिच्या घरी जाऊन एक दिवस भांडी घासू शकत नाही, याची तिला फार तगमग झाली होती. कुणाचं एवढं घेऊन असं हात हलवत राहायची तिला सवय नव्हती.

तिला एकदम जाणवलं की हे खरं नाही. सवय होती. जाईबाईंचं ती असंच घेत आली होती, वर्षानुवर्षं, आणि तिथे तर भाषेची अडचणही नव्हती.

मेघना गेली त्या दिवशीचंच घ्या. बॅगा दाराशी आलेल्या, धोंडूमामा खाली टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत होते, गॅलरीत सगळा मजला गोळा झालेला. सुनेत्रानं मेघनाच्या हातावर दही घातलं आणि बाजूला झाली. तिथून पुढचं तिचं नव्हतं. जाईबाईंनी मेघनाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्या चेडू परमुलखात जातासा, त्येका सुखरूप घराक हाड, पोरीला सुखरूप घरी परत आण. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. सुनेत्रानं मोरीच्या कोपऱ्यातून म्हटलं. मेघनाला न्हाण आलं तेव्हाही तिची ओटी जाईबाईंनीच भरली, तिच्या दहावीच्या आधी देवीलाही त्याच घेऊन गेल्या. जिथे जिथे आईचे हात चालणार नव्हते तिथे जाईबाईंनी आपले हात दिले, आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. आपल्याला त्याचा राग येईल याची सुनेत्रानं एकदोनदा वाट पाहिली होती. राग आला नाही. आलं ते निराळंच काहीतरी, आणि त्याचं नाव उपकार आहे की प्रेम आहे हे तिला ठरवता आलं नव्हतं.

संक्रांतीचं तर सगळं ठरूनच गेलं होतं. पहिलं वर्ष सोडलं तर दर वर्षी रथसप्तमीपर्यंत सुनेत्रा हॉस्पिटलात दुपारची पाळी मागून घ्यायची. बरोबरीच्या बायका खूश, त्यांना हळदीकुंकवाला जायला मिळायचं. सुनेत्राला कुणी विचारायचं नाही की तू का नाही जात, आणि सुनेत्राला कुणाला सांगावं लागायचं नाही. काळ्या साड्या नेसून, गजरे माळून त्या निघाल्या की ती खिडकीची काच सरकवून पुढच्या माणसाला म्हणायची, नाव सांगा. घरी येईपर्यंत गॅलरीतला घोळका पांगलेला असायचा. मग जाईबाई यायच्या, पदराआड काहीतरी घेऊन. "चेडवासाठी आणलंय," असं म्हणून वाण मेघनाच्या हातात द्यायच्या. कधी चहाची गाळणी, कधी स्टीलची वाटी, कधी साबणाची डबी, कधी झारा. मुलीचं नाव पुढे करून आईचं वाण घरात पोचवायची ती जाईबाईंची युक्ती होती. नियम मोडायचा नाही आणि बाईलाही वगळायचं नाही, यातून त्यांनी हा मार्ग शोधून काढला होता. आज सुनेत्राच्या ओट्यावर हात फिरवला तर निम्म्या वस्तू त्या मार्गानं आलेल्या निघतील. तिनं कधी म्हटलं नव्हतं, की जाईबाई, मला कळतं हे कुणासाठी असतं. म्हटलं असतं तर दोघींनाही पुढच्या वर्षी ते जमलं नसतं.

आणि यंदा संक्रांत आली तेव्हा जाईबाई दार लावून बसल्या. कुंकू त्यांनी स्वतःच पुसलं होतं. बाराव्यानंतर वैभवची बायको म्हणाली, आई, टिकली तरी लावा, हल्ली सगळ्या लावतात. तर म्हणाल्या, हल्लीचा माका सांगू नको. मजल्यावरच्या सगळ्या हळदीकुंकवांना ताट सजवणारी, कुणाला आधी कुणाला नंतर हे ठरवणारी, विसरलेल्या घराची आठवण करून देणारी बाई बाजूला झाली आणि यंदाचं हळदीकुंकू नुसतं उरकलं गेलं. त्या दिवशी सुनेत्रानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारची पाळी घेतली नाही. ती घरी राहिली आणि जाईबाईंच्या दारावर टकटक केली. त्यांनी दार उघडलं, तिला आत घेतलं, चहा केला. दोघी पंख्याखाली बसून चहा प्यायल्या आणि बाहेर बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. जाईबाई म्हणाल्या, "तुझो कसो जायचो गो ह्यो दिवस?" सुनेत्रा म्हणाली, "ड्यूटी लावून घ्यायचे." जाईबाईंनी मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिल्या. त्या दिवशी सुनेत्राला त्यांना काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. निघताना ती मोगऱ्याचा पुडा पुढे करायला गेली तर जाईबाईंचा हात असा काही मागे गेला की तिनं तो पुडा परत आणून देवापुढे ठेवला.

नारळवाल्यापाशी आपण का थांबलो हे सुनेत्राला कळलं नाही. फ्लायओव्हरच्या सावलीत त्याची गाडी होती, पलीकडे मसाला कुटायच्या गिरणीतून मिरचीचा खकाणा येत होता आणि येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून शिंकत होते. ती नारळ हलवून बघत होती, कानाशी नेऊन पाणी ऐकत होती. स्वैपाकाला तर घरात खोवलेलं खोबरं होतं. नारळवाला म्हणाला, "सोलून देऊ का, ताई?" आणि ती पटकन म्हणाली, "नको. शेंडी राहू दे." म्हणून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं की शेंडीचा नारळ कशाला लागतो. उद्या सकाळी जाईबाई निघतील. सबंध हयात त्या खोलीत काढलेली बाई, तिथेच लग्न होऊन आलेली, तिथेच बाळंत झालेली, तिथून नवऱ्याला खांद्यावर जाताना बघितलेली. टेम्पोत भांडी चढतील, गाद्या चढतील, वैभव पुढे बसेल, गॅलरीतून सगळे हात हलवतील, आणि जाईबाई घरातून रिकाम्या पदरानं बाहेर पडतील. ज्यांनी मजल्यावरच्या एकेका बाईची, माहेरवाशिणीची, पोटुशीची, गावाला जाणारीची ओटी भरली, त्यांची कुणी भरणार नाही. कुणी दुष्ट आहे म्हणून नव्हे. सगळ्यांना वाईट वाटेल आणि तरी कुणी भरणार नाही, कारण जाईबाईंनीच सगळ्यांना शिकवलं आहे की विधवेची ओटी भरत नसतात.

आपण भरली तर. हा विचार आला आणि सुनेत्रा नारळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. मोगऱ्यावरून मागे गेलेला हात तिला दिसला. जाईबाईंना तो अपमान वाटला तर? माझ्या कपाळावर हसायला आलीस का, असं त्या म्हणाल्या तर? आणि त्या तसं म्हणाल्या तर हे सगळं, गाळण्या आणि वाट्या आणि गाऱ्हाणी, या शेवटच्या दिवशी नासून जाईल, आणि विरारला जाणाऱ्या बाईशी ते पुन्हा सांधायला वेळही उरणार नाही. शिवाय भरणारी कोण, तर सुनेत्रा. जिचा स्वतःचा हात चालत नाही ती. एका विधवेनं दुसरीची ओटी भरायची, याला ना शेंडा ना बुडखा. न गेलेलंच बरं. गप्प बसून आतापर्यंत सगळं नीट निभावलं आहे. तरी नारळ पिशवीत टाकून, पैसे देऊन ती परत फिरली, आणि चालता चालता तिला तो फोटो आठवला. त्यात पोर दिसत नव्हती, तिनं फोटो काढला होता ना. पण ती पोर काय विचार करत होती ते सुनेत्राला स्वच्छ कळत होतं. ती कसलाच विचार करत नव्हती. समोरच्या बाईनं आपलं केलं, आता आपण निघालो, तिच्या ओटीत काहीतरी घालावं, एवढंच. हे एवढं साधं असू शकतं यावर सुनेत्राचा विश्वास बसत नव्हता, आणि तिला आपल्या मुलीचा फार अभिमान वाटला. तिला परदेशी पाठवल्याचं सार्थक कसल्या कसल्या सर्टिफिकेटात होईल असं तिला वाटत होतं, ते भलतीकडेच झालं होतं.

घरी आल्यावर तिनं मेघनाला काही समजावून सांगितलं नाही. साडी नेसायला घेतली आणि मग नको म्हणून ड्रेसच राहू दिला. ताट काढलं. ऑलिंदाचे तांदूळ ताटात ओतले, आपल्या डब्यातले मूठभर त्यात मिसळले, नारळ ठेवला, अक्रोड ठेवले, आणि पाखरांचं ते कापड घडी करून खणासारखं वर ठेवलं.

"हे तुझं आहे आई," मेघना म्हणाली. "तिनं तुझ्यासाठी दिलंय."

"माझंच आहे. म्हणून तर देतेय. कुंकवाची डबी घे आणि चल."

"कुठे?"

"जाईआजीकडे."

मेघनानं तिच्याकडे बघितलं. मग तिनं कुंकवाची डबी उचलली.

जाईबाई जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीवरची भांड्यांची फळी रिकामी झाली होती आणि तिच्यामागचा जुना निळा रंग उघडा पडला होता. मेघनाला बघून त्यांचा चेहरा फुलला. "इलंस गो बाय? बारीक झालां चेडू. खावक घालीत नव्हती काय ती म्हातारी?" मग त्यांची नजर सुनेत्राच्या हातातल्या ताटावर गेली. नारळाची शेंडी कापडाखालून दिसत होती. जाईबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"कसला ताट ह्या?"

"उद्या निघताय ना," सुनेत्रा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

जाईबाईंना कळायला वेळ लागला नाही. आयुष्यभर त्यांनीच ती ताटं मांडली होती. त्यांनी डाव खाली ठेवला, कपाळावर हात नेला, तिथे काही नव्हतं. "माझी?" त्या म्हणाल्या. "माझी कशी भरतंस? माझो घोव गेलो."

"माझाही," सुनेत्रा म्हणाली.

आता ताट घेऊन परत जायला लागणार, असं सुनेत्राला वाटलं, आणि तरी ती ताट धरून उभी राहिली. एवढी वर्षं गप्प बसल्यावर आलेले शब्द आता एकाला एक लागून येत होते. "जाईबाई, माझ्या पोरीचं सगळं तुम्ही केलंत. माझे हात नव्हते तिथे तुमचे घातलेत. ती गाळणी, त्या वाट्या, मला कळत होतं त्या कुणासाठी असायच्या. मी कधी बोलले नाही. तुम्ही उद्या अशाच निघालात तर मला आयुष्यभर खाईल ते."

"पाप लागतलां गो," जाईबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

"लागू दे. अर्धं मला, अर्धं तुम्हाला."

"त्या ऑलिंदाआजीला काही झालं नाही, जाईआजी," मेघना मध्येच म्हणाली. "उलट कालच मेसेज आलाय तिचा. नवे दात बसवतेय."

जाईबाईंच्या तोंडून हसू फुटलं. ते त्यांना नको होतं, त्यांनी ते पदरानं दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच आणि त्यातून रडू आलं. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. सुनेत्रा दार लोटून घ्यायला वळली, गॅलरीत लोक होते.

"उघडा ऱ्हवांदे," जाईबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पदर पुढे घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. सुनेत्रानं ताट मेघनाकडे देऊन त्यांना कुंकू लावलं. त्या कपाळाची कातडी इतकी मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं. कुंकू जरा वाकडंच लागलं. नारळ ठेवला, कापड ठेवलं, अक्रोड ठेवले. तांदूळ घ्यायला गेली तर हात इतका आखडला की चार दाणे बोटांत आले आणि निम्मे जमिनीवर सांडले.

"चिमटीन काय घालतंस," जाईबाई ओरडल्या. "ओंजळ भरून घाल. कोणी शिकवलां की नाय तुका?"

सुनेत्रानं ओंजळ भरली. ती पदरात रिती केली, पुन्हा भरली. गॅलरीतली कुणीतरी बाई दारात येऊन थांबली होती, तिच्यामागे आणखी एक. त्या आत आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत. पदर भरला तसा जाईबाईंनी तो छातीशी घेतला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग डोळे उघडले आणि सुनेत्राकडे बघत राहिल्या.

"शिवा गेलो त्या वर्साची संक्रांत," त्या म्हणाल्या. "तुझ्या दारात ताट घेऊन उभी होतंय. आत दिवो नाय होतो. तू आत होतंस, माका ठावक होतां. माझ्या मनात होतां तुझी भरूची, तेव्हा आणि दर वर्सा. धीर झालो नाय गो. म्हणान चेडवाच्या हातात दियत ऱ्हवलंय."

त्या संक्रांतीला अंधारात सुनेत्रा श्वास धरून बसली होती, दाराबाहेर पावलं थांबलेली तिनं ऐकली होती, आणि ती कुणाची होती हे तिला आज कळत होतं. जाईबाईंनी आपल्या पदरातले तांदूळ एका हातानं सावरले, दुसऱ्या हातानं मूठ भरून उचलले आणि तो हात पुढे केला. सुनेत्रानं खांद्यावरची ओढणी काढली, दोन्ही हातांत पसरून धरली आणि एक पाऊल त्यांच्या जवळ सरकली.